विजेची रवी आणि चांदीचं पाणी



चांदीच्या पाण्याबद्दल आपल्या बायकांत सध्या फार बोललं जातं. कुणी त्याला सिल्व्हर वॉटर म्हणतं, कुणी रौप्यजल, आणि ज्यांनी व्हिडिओ पाहिलेत त्या 'कोलॉयडल सिल्व्हर' म्हणतात. कुणाच्या भाच्याने मशीन बनवलेलं असतं, कुणाच्या विहीणबाई रोज सकाळी अर्धी वाटी घेत असतात. घशापासून लघवीच्या जळजळीपर्यंत सगळ्यावर ते चालतं असं छातीठोक सांगितलं जातं. त्यात एक वाक्य हमखास येतं आणि तेच आपल्या मनाला लागतं: "यात प्राण्यांचं काही नाही बाई, एकदम अहिंसक."

आमच्या घरी ते मशीन मीच बनवलं, गेल्या मार्गशीर्षात. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून वीस वर्षं झाली. त्या शिक्षणाचा उपयोग आजवर मिक्सरचं बटण आणि गिझरची वायर यापलीकडे झाला नव्हता. त्यामुळे थोडी हौसही होती, हे सांगून टाकते. पण कारण हौसेचं नव्हतं, अक्कांचं होतं.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७४. रात्री पाण्याचाही त्याग, आणि तो त्यांनी माझ्या लग्नाच्या आधीपासून पाळलाय. बाहेरगावी गेल्या की स्वतः गाळून उकळलेल्या पाण्याशिवाय दुसरं घेत नाहीत. आंबा घाट ओलांडून कोल्हापूरकडे जायचं म्हटलं की चार-साडेचार तास एक घोट पाणी नाही, आणि कुणाच्या घरी पोचेपर्यंत दिवस कलतो. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. एका वर्षात तिसऱ्यांदा लघवीचा संसर्ग. डॉक्टर मॅडमनी अँटिबायोटिकच्या कॅप्सूल लिहून दिल्या. अक्कांनी पाकीट हातात घेतलं, कॅप्सूल दाबून पाहिली आणि परत ठेवली. "याचं कवच कशाचं असतं ते मला माहीत आहे," म्हणाल्या.

खरंच आहे ते. नेहमीच्या कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. आदल्या दोन वेळी कॅप्सूल उघडून भुकटी मधाऐवजी गुळाच्या पाण्यातून दिली होती. पण या वेळी मॅडमनी बजावलं होतं, हे औषध असं उघडून द्यायचं नाही.

तेवढ्यात हुपरीहून ताईंचा, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाईंचा, फोन. हुपरी म्हणजे चांदीचं गाव, घराघरात पैंजण-जोडव्यांचं काम. "अगं, इथे बऱ्याच जणी चांदीचं पाणी घेतात. शुद्ध चांदीची तार मी पाठवते. तू एवढं शिकलीस, मशीन काय, तासाभरात करशील. अक्कांना त्या कॅप्सूलच्या भानगडीतून सोडव."

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, बनवते. पण आधी मोजेन, मग पिण्याचं बघू. आणि त्याच संध्याकाळी ह्यांना पुन्हा दवाखान्यात पाठवलं, मॅडमना एवढंच विचारायला की हेच काम करणारं औषध गोळीच्या रूपात मिळेल का. मशीन होईपर्यंत संसर्ग थांबून राहत नाही.

आता मशीनचं सांगते, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट समजली की पुढचं आपोआप समजतं.

मूळ कल्पना अगदी साधी. डिस्टिल्ड पाण्यात चांदीच्या दोन तारा सोडायच्या आणि त्यांना बॅटरी जोडायची. धन टोकाच्या तारेतून चांदी सुटून पाण्यात उतरते. काही विरघळलेली राहते, काहीचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण होतात. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की २७ व्होल्ट होतात, तेवढे पुरतात.

तार मात्र ९९९ शुद्धतेचीच हवी. आपल्या पैंजणांची चांदी कमी टंचाची, त्यात तांबं मिसळलेलं असतं. ज्याला बाहेर ९२५ म्हणतात त्या चांगल्या चांदीतही हजारात ७५ भाग दुसरा धातू, बहुधा तांबंच. म्हणजे जुनी जोडवी पाण्यात टांगली तर चांदीबरोबर तांबंही उतरणार. मला माहीत आहे, काही जणी नाणं टांगतात. देवीच्या फोटोचं नाणं किती शुद्ध, हे ते विकणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं.

पाणीही डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात. चांदी त्यांच्याशी लगेच जुळते आणि पाणी दुधी होतं. त्यात चिमूटभर मीठ घाला म्हणजे काम लवकर होतं, असं सांगणारे आहेत, ते तर साफ चूक. मीठ घातलं की चांदीचं पाणी राहत नाही, सिल्व्हर क्लोराईडचा गढूळपणा राहतो. शीळ धरणाचं पाणी आपल्या नळाला येतं ते प्यायला गोड आहे, पण या कामाला नाही.

आणि मग ढवळणं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम न ढवळता अर्ध्या लिटरची बरणी लावून पाहिली, फरक कळावा म्हणून. डिस्टिल्ड पाण्यातून वीज सहजी जात नाही. सुरुवातीला मीटर जेमतेम हलतो. मग तारेभोवती सुटलेली चांदी तिथेच दाटते, करंट एकाच बाजूने वाढतो, तारेला काळसर-राखाडी केसाळ बुरशीसारखं काहीतरी लटकायला लागतं. एका तारेकडून दुसरीकडे ते केस वाढत जातात आणि तुटून तळाशी पडतात. खाली गाळ, वर नुसतं पाणी. म्हणून ढवळणं लागतं, आणि तेही सतत आणि सावकाश. दोन तास चमच्याने कोण ढवळणार?

मुलाच्या बिघडलेल्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा काढला. त्याची पाती कातरून टाकली, मधली गोल वाटी तेवढी ठेवली. तिच्यावर दोन छोटी, जोरकस लोहचुंबकं समोरासमोर चिकटवली, एकाचं उत्तर टोक वर, दुसऱ्याचं दक्षिण. चुंबकं थेट चिकटवली तर पंखा अडखळत होता, कारण त्याची स्वतःची मोटरही आत चुंबकावरच चालते. मध्ये एक लोखंडी वॉशर घातल्यावर सुरळीत झाला. हे सगळं एका जुन्या प्लास्टिकच्या डब्यात उलटं न करता सरळ बसवलं, डब्याचं झाकण चुंबकांपासून अगदी जवळ, पण न टेकणारं. झाकणावर सपाट बुडाची काचेची बरणी.

बरणीत काय फिरतं? बारीक खिळ्याचा दोन सेंटिमीटरचा तुकडा, स्वच्छ प्लास्टिकच्या नळीत घालून दोन्ही टोकं तापवून बंद केलेला. लोखंड पाण्याला लागता कामा नये, म्हणून तो आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला आणि सकाळी नळीच्या आत ओल दिसत नाही याची खात्री केली. खाली चुंबक फिरलं की वर तो तुकडा फिरतो. मध्ये ना दांडा, ना तेल, ना वंगण. व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा अडॅप्टर जोडला. बाराला लावलं तर तुकडा उड्या मारतो, पाचाच्या आसपास छान संथ भोवरा होतो. ताकाच्या रवीसारखाच. अक्का बराच वेळ ते बघत बसल्या. "दोरी नाही, खांब नाही, आणि फिरतंय! विजेची रवीच की ही." तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव तेच आहे.

तारा दुसऱ्या एका झाकणातून खाली सोडल्या, एकमेकींपासून चार सेंटिमीटरवर. बॅटरीच्या वाटेत दहा हजार ओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे काही झालं तरी करंट पावणेतीन मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही. आणि मीटर. मीटरशिवाय हे करणं म्हणजे वाटी न मोजता औषध देणं.

या वेळी केस वाढले नाहीत. करंट हळूहळू, एका चालीने चढला. दोन तासांनी पाणी जवळजवळ पाण्यासारखंच, प्रकाशाकडे धरलं तर किंचित पिवळसर. खोली अंधारी करून मुलाने किल्लीच्या जुडग्यातला लेझर मारला. साध्या डिस्टिल्ड पाण्यातून किरण दिसतच नव्हता, या पाण्यात मात्र लाल रेघ आरपार उभी राहिली. कण असल्याची ती खूण. मशीन झकास झालं होतं, ह्यात शंकाच नाही.

आता हिशेब. एक मिलिअँपिअर करंट एक तास वाहिला तर तारेतून सुमारे चार मिलिग्रॅम चांदी सुटते. हे भौतिकशास्त्राचं पक्कं गणित आहे, कंपनी कोणतीही असो. माझा करंट दोन तासांत सरासरी ०.६ मिलिअँपिअर होता. म्हणजे सुटलेली चांदी साधारण पाच मिलिग्रॅम, अर्ध्या लिटरला. लिटरला दहा. थोडी दुसऱ्या तारेवर जाऊन बसते, म्हणून दहापेक्षा जरा कमीच धरा. व्हिडिओत ज्याला अभिमानाने 'टेन पीपीएम' म्हणतात ते हेच.

आणि आपल्या देशात पिण्याच्या पाण्याचं जे सरकारी मानक आहे, आयएस १०५००, त्यात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनाही एवढीच चांदी चालेल म्हणते. माझ्या सुंदर पाण्यात तिच्या शंभरपट. अक्कांना दिवसाला एक ग्लास, म्हणजे २०० मिलिलिटर द्या, असं ताईंचं म्हणणं होतं. त्यात दोन मिलिग्रॅम. मानकाच्या मर्यादेएवढी चांदी असलेलं पाणी दिवसभर दोन लिटर प्यायलं तरी पोटात ०.२ जाते. एका ग्लासात दहा दिवसांची.

जाऊन जाऊन काय होईल, असं विचाराल. चांदी शरीरात साठते. पुरेशी साठली की त्वचा राखाडी-निळी पडते आणि तो रंग परत जात नाही. त्याला आर्जिरिया म्हणतात. अमेरिकेत मोंटाना राज्यात स्टॅन जोन्स नावाचे एक गृहस्थ २००२ साली सिनेटच्या निवडणुकीला उभे होते. २००० साल उजाडताना कॉम्प्युटर बंद पडतील, औषधं मिळेनाशी होतील, या भीतीने त्यांनी १९९९ पासून घरीच केलेलं चांदीचं पाणी प्यायला सुरुवात केली होती. निवडणुकीच्या फोटोत ते निळसर दिसतात. त्याच १९९९ साली अमेरिकेच्या औषध खात्याने जाहीर केलं होतं की अशी चांदीची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत.

चांदीला गुण नाही, असं मी म्हणत नाही. भाजलेल्या जखमेवर डॉक्टर जे पांढरं मलम लावतात त्यात चांदी असते. १८८१ साली क्रेडे या जर्मन डॉक्टरांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायची पद्धत सांगितली, आणि किती बाळांचे डोळे वाचले. पण मलम कातडीवर आहे, थेंब एकदाच आहे. बशीत ओतून रोज पिणं ही वेगळी गोष्ट.

आणि मला खरा धक्का बसला तो पुढच्या ओळीला. पोटात गेलेली चांदी थायरॉईडची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स अंगी लागू देत नाही. अक्का गेली अकरा वर्षं रोज पहाटे थायरॉईडची गोळी घेतात. ज्यांच्यासाठी मी ही रवी फिरवत होते त्यांचंच चालू औषध हिने वाया घालवलं असतं. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कितीजणींच्या उशाशी ती छोटी गोळी आहे, मोजा बरं.

हे सगळं मी अक्कांपुढे कागदावर मांडलं. वाटलं, निळ्या रंगाचं ऐकून घाबरतील. त्या घाबरल्या नाहीत. या वयात रंगाचं काय, म्हणाल्या. त्यांचा प्रश्न दुसराच होता.

"ही चांदी करते काय नेमकं? जळजळ कशी थांबवणार?"

"जंतू मारते, अक्का."

"आणि मॅडमची गोळी?"

"तीही जंतू मारते."

"मग अहिंसक काय झालं यात?"

मी गप्प. त्याच पुढे बोलत राहिल्या. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी, हिंसेचे हे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो. मारायचं म्हणून मारणं ते संकल्पी, ते श्रावकाने सोडायचंच. शरीर चालवताना, रोग हटवताना जे घडतं ते टाळता आलं तर टाळायचं, नाही तर कमीत कमी करायचं. "कॅप्सूलला माझा नकार कवचासाठी होता. जनावर कापलेलं आहे त्यात. जंतूंसाठी नकार असता तर मी पाणी तरी का उकळलं असतं?"

ताईंनी फोनवर आणखी एक मुद्दा काढला होता. चांदी घातलेलं पाणी म्हणे प्रासुक होतं, प्रवासात दिवसभर चालेल. त्यावर अक्का हसल्या. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. लवंगेसारखं काही घालून रंग, चव, वास बदलला तर सहा तास. नीट उकळलं तर चोवीस तास. आमच्याकडे हा हिशेब घड्याळाशेजारीच लिहिलेला आहे. "तुझ्या पाण्याला चव बदललेली नाही, वास नाही, रंग डोळे ताणून बघावा लागतो. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?" मला त्यांचं पटलं. नियम ज्यांनी केला त्यांनी खूण अशी ठेवली की घरातल्या कुणालाही जीभ आणि नाक लावून ओळखता यावी. लेझर लागेल अशी नाही.

वरखाचं आठवलं मला यावरून. चांदी शुद्ध, पांढरी, देखणी, म्हणून मिठाईवर आपण कित्येक वर्षं खाल्ली. ती जनावरांच्या आतड्या-कातड्याच्या पानांत ठेवून कुटतात हे कळल्यावर आपल्याच लोकांनी आवाज उठवला, आणि २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वरख बनवताना प्राणिज वस्तू वापरू नये असा नियम काढला. वस्तू शुद्ध दिसते म्हणजे तिची सगळी वाट शुद्ध असते असं नाही.

औषधाचं म्हणाल तर ते केव्हाच सुटलं होतं. मॅडमनी त्याच दिवशी दुसरं औषध लिहून दिलं, गोळीचं. त्या म्हणाल्या, तुमच्या समाजातल्या बायका कॅप्सूल न घेता घरी नेऊन ठेवतात आणि मला सांगत नाहीत, मग पंधरा दिवसांनी ताप घेऊन येतात. आधी विचारा ना! म्हणून मी तुम्हालाही सांगते, लाजू नका. गोळी मिळते का, पातळ औषध आहे का, कवच वनस्पतीज आहे का, हे तिथेच खुर्चीत बसून विचारायचं. बऱ्याच औषधांना पर्याय असतो. आणि पर्याय नसेल तर उघडून द्यायचं की नाही, हेही तिथेच विचारायचं.

मॅडमनी दुसरं विचारलं ते पाण्याचं. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत किती? अक्कांनी सांगितलं, तीन-चार ग्लास असेल. व्रत मोडायला त्यांनी सांगितलं नाही, फक्त दिवसाउजेडी दोन लिटर संपवायला सांगितलं, आणि लघवी तुंबवून बसायचं नाही. आता सकाळी उकळलेलं पाणी गार करून दोन स्टीलच्या बाटल्यांत भरते. एक दुपारच्या सामायिकाआधी रिकामी, दुसरी अंथऊच्या जेवणाआधी. हुपरीला जाताना दोन्ही बाटल्या गाडीत, आणि साखरप्याला थांबायचंच, अक्का नको म्हणाल्या तरी. साडेपाच महिने झाले, जळजळ नाही. पुढचं भगवंत जाणे, पण चार ग्लासांत आणि दोन लिटरांत जो फरक आहे तो चांदीने भरून निघाला नसता.

ताई जरा फुगल्या. तार परत पाठवली तेव्हा सोबत तो हिशेबाचा कागदही पाठवला. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, शेजारच्या एका बाईंची थायरॉईडची गोळी वाढवावी लागली आहे, त्या चांदीचं पाणी घेतात, त्यांना काय सांगू? मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. पण ते पाणी घेतात हे त्यांच्या डॉक्टरांना माहीत आहे का, एवढं विचारा.

विजेची रवी वाया गेली नाही. चांदीच्या ताराही नाहीत, बॅटऱ्याही नाहीत, नुसती ढवळणी. मुलगा तिच्यावर तुरटीचं दाट द्रावण करतो आणि दोऱ्याला स्फटिक वाढवतो. शाळेत बाईंनी एक मागवलाय.

राहिलं ते अर्धा लिटर पाणी. मी ते मोरीत ओतणार होते. अक्कांनी हात धरला. "जंतू मारणारं पाणी ना ते? मोरीतून परसात जाणार, परसातून विहिरीत." ज्या घरात गाळण्यावरची जिवाणी सांभाळून पुन्हा त्याच विहिरीत सोडतात, त्या घरात हे सुचायला हवंच होतं. मग ते पाणी एका जुन्या परातीत ओतलं, वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. मार्गशीर्षाचं ऊन, चौथ्या दिवशी परात कोरडी. तळाशी एक राखाडी डाग उरला, नखाएवढीही चांदी नाही. परात घासायची नाही, असं अक्कांनी सांगितलंय. ती आता माळ्यावर पालथी ठेवली आहे. पुढच्या वेळी हुपरीला जाऊ तेव्हा मोडीत देऊ.